स्वस्तातली एअर रायफल कशी तपासायची

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी सकाळी त्रिमूर्ती नगरातले एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. हातात लांबलचक खोका होता. मुलगा आठवीतून नववीत गेलेला. शाळेच्या निवड चाचणीत त्याचा नेम बरा लागला होता आणि शिक्षकांनी पुढे खेळायला सांगितलं होतं. वडिलांनी खोका दिवाणावर ठेवला आणि म्हणाले, "पाहा बरं भाऊ, बरोबर घेतली का मी? दुकानदार म्हने, याच्याहून फास्ट या भावात भेटतच नाही." खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, वेग सेकंदाला 1000 फूट.

मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूमच्या तपासणी विभागात काम करतो. दिवसभर मायक्रोमीटर, डायल गेज आणि जॉब, म्हणजे मोजून पाहायचे तुकडे. शनिवार-रविवार मुलांना दहा मीटर नेमबाजी शिकवतो. दोन्हीकडे मला एकच प्रश्न पडतो. पहिला तुकडा चांगला निघाला, ठीक आहे, पण शंभरावा तसाच निघतो का? रायफल जोखताना हाच प्रश्न धरून बसलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर येतात. दुकानात मात्र हा सोडून सगळे प्रश्न विचारले जातात.

मुलाने त्याच दिवशी आणखी एक प्रश्न विचारला होता. व्हिडिओत दिसतात तशा रायफलीला मॅगझिन असतं, घोडा दाबला की पुढची गोळी आपोआप चढते, मग आपल्याला तशी का नाही? त्याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. एक गोळी सुटली की तिच्याच दाबाने किंवा धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलतो. पुन्हा गोळी सोडायला घोडा पुन्हा दाबावा लागतो. आपल्या देशात सर्वसाधारण नागरिकाला तशा शस्त्राचा परवाना सहजासहजी मिळत नाही, आणि दहा मीटरच्या खेळाला तिची गरजही नाही. 4.5 मिलिमीटर बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला सध्या शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून नागपुरातल्या घरात रायफल म्हटलं की बहुधा हीच येते. पण तपासायची रीत दोघींची बरीचशी एकच. बॅरल, म्हणजे नळी, कशी आहे, ती कुलूपबंद कशी होते, ट्रिगर, म्हणजे घोडा, कसा सुटतो आणि आत काय भरता, एवढ्या चार गोष्टींवर सगळं उभं असतं.

खोक्यावरच्या आकड्याचा हिशेब

सेकंदाला 1000 फूट म्हणजे सुमारे 305 मीटर. दहा मीटरच्या खेळात वापरतात तो शिशाचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो. ऊर्जा काढायचं सूत्र नववीच्या पुस्तकातलंच, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. मुलाला वही दिली आणि त्याच्याकडूनच आकडेमोड करून घेतली. उत्तर आलं साडेचोवीस ज्यूलच्या थोडं वर. म्हणजे त्या छर्र्याने खरंच तेवढा वेग मिळत असता तर ती रायफल 20 ज्यूलच्या मर्यादेबाहेर गेली असती आणि परवान्याशिवाय विकताच आली नसती. मग हा आकडा आला कुठून? हलक्या धातूचा 0.35 ग्रॅमचा छर्रा घातला की त्याच वेगाला 16 ज्यूलच निघतात. असे आकडे हलका छर्रा घालून मिळवलेले असतात. आपण ज्या शिशाच्या छर्र्याने खेळणार त्याचा वेग खोक्यावर क्वचितच सापडतो.

आणि तो वेग हवा तरी कशाला? ऑलिम्पिकला वापरल्या जाणाऱ्या रायफली छर्रा सेकंदाला 170 ते 175 मीटरच्या आसपास सोडतात. ऊर्जा 8 ज्यूलच्या आसपासच भरते. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रांनी सुवर्ण मिळवलं ते याच दहा मीटर एअर रायफलमध्ये, आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 साली कैरोला जागतिक अजिंक्यपद मिळवलं तेही यातच. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. वेग वाढवायचा म्हणजे स्प्रिंग कडक करायची. स्प्रिंग कडक झाली की धक्का वाढतो, बॅरल मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, भरताना तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा हात थकतो, आणि तिसाव्या छर्र्यानंतर नेम हलायला लागतो. वेगाच्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका, असं मी प्रत्येक पालकाला स्पष्ट सांगतो.

वेग किती आहे यापेक्षा तो दर वेळी तेवढाच राहतो का, हे पाहायचं. आंतरराष्ट्रीय नियमांच्या टार्गेट कार्डावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. म्हणजे मध्यापासून प्रत्येक अडीच मिलिमीटरला एक गुण जातो. छर्रा 170 मीटर वेगाने निघाला तर दहा मीटर जाईपर्यंत सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो. तोच 160 ने निघाला तर 19 मिलिमीटरच्या किंचित पुढे. हवेचा अडथळा यात धरलेला नाही, तरी फरक दोन मिलिमीटरच्या वर गेला. मुलाने श्वास धरला, नेम जराही हलला नाही, घोडा अलगद दाबला आणि तरी जवळजवळ एक गुण गेला. हा गुण रायफलने घालवला. मुलाला मात्र वाटत राहतं की आपलंच चुकतंय. स्वस्त रायफलीचं सर्वात मोठं नुकसान मला हेच वाटतं, कारण चूक आपली की लोखंडाची हे न कळणारं पोर दोन महिन्यांत खेळ सोडून देतं.

आत काय घडतं

बॅरल मोडून भरायच्या रायफलीत एक जाड स्प्रिंग आणि तिच्यापुढे पिस्टन असतो. बॅरल खाली ओढली की पिस्टन मागे जाऊन अडकतो. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो आणि समोरची हवा दाबली जाते. सायकलचा पंप तोंडाशी बोट दाबून मारला की कसा गरम होतो, तशी ही हवा क्षणात तापते आणि छर्र्याला पुढे ढकलते. गंमत अशी की छर्रा बॅरलमध्ये असतानाच रायफल दोनदा हलते. पिस्टन पुढे जातो तशी रायफल मागे सरकते, आणि पिस्टन शेवटी थांबतो तेव्हा ती पुढे झटका खाते. म्हणून स्प्रिंगच्या रायफलीला घट्ट आवळून धरायचं नसतं. तळहातावर हलकेच विसावू द्यायची आणि तिला दर वेळी सारखंच हलू द्यायचं. अनेक जण चांगली रायफल "मारत नाही" म्हणून विकायला काढतात आणि दोष पकडीचा असतो.

या रचनेतून दुकानात पाळायचा एक नियम निघतो. छर्रा न घालता घोडा कधीच दाबू द्यायचा नाही. पुढे छर्रा असला की त्याच्यामागे हवेची गादी तयार होते आणि पिस्टन तिच्यावर आपटतो. छर्रा नसला की हवा निघून जाते आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. सीताबर्डीकडे एका दुकानात काउंटरवरच्या माणसाने "आवाज ऐका" म्हणत माझ्यासमोर चार वेळा रिकामी रायफल वाजवून दाखवली. तीच रायफल खोक्यात घालून पुढच्या गिऱ्हाइकाला नवी म्हणून गेली असणार. आपल्याला दाखवायला काढलेली रायफल घेऊ नका, सीलबंद खोका मागा.

हाताने आणि डोळ्याने

टूलरूममध्ये आम्ही यंत्र चालू करण्याआधी जॉब हातात घेतो. इथेही तसंच. आधी पाहायचा तो बॅरलचा सांधा. बॅरल बंद करा, दस्ता मांडीत पक्का धरा आणि बॅरलचं टोक डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवता कामा नये, खट्ट असा बारीक आवाजही नको. नेमाची साधनं दोन ठिकाणी बसवलेली असतात, फोरसाइट बॅरलच्या टोकाला आणि बॅकसाइट बहुधा सांध्याच्या मागे किंवा जवळ. सांधा सुताएवढा जरी हलला तरी दोन साइट एका रेषेत राहत नाहीत. पुष्कळ रायफलींत सांध्याचा पिन म्हणजे स्क्रू असतो, तो आवळता येतो. काही स्वस्त रायफलींत रिव्हेट ठोकलेला असतो. रिव्हेट सैल झाला की संपलं. मी स्क्रूवालीच घ्यायला सांगतो, पाच-सातशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

मग बॅरलचं तोंड. छर्रा बाहेर पडताना सगळ्यात शेवटी ज्या कडेला शिवतो ती कड सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत उभी कड, राहिली तर हवा त्या बाजूने आधी निसटते आणि छर्र्याला शेवटच्या क्षणी टपली बसते. डोळ्याला हे दिसत नाही. कान साफ करायची कापसाची काडी घ्या, बॅरलच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवा आणि बाहेर काढा. कापसाचे तंतू कुठे अडकून राहिले तर तिथे बर आहे. त्या रविवारी मुलाच्या रायफलीवर आम्ही हेच केलं. वर्तुळाच्या तीन भागांत काडी लोण्यासारखी फिरली, आणि खालच्या बाजूला दोन पांढरे तंतू लटकून राहिले. मुलगा भिंगातून ते दोन तंतू किती वेळ पाहत होता.

बॅरलच्या आतली कामगिरी कळायला आणखी एक उपाय आहे, पण त्याला धीर हवा. स्प्रिंग चढवलेली नाही याची आधी खात्री करा. एक छर्रा मागून बसवा आणि लाकडाच्या किंवा पितळेच्या गुळगुळीत काडीने तो हळूहळू पुढे ढकला. हाताला लागणारा अडथळा सुरुवातीपासून टोकापर्यंत सारखा हवा, टोकाशी किंचित घट्ट झाला तर उत्तमच. मध्येच सैल, मग घट्ट, मग सैल लागलं तर आत रायफलिंग, म्हणजे छर्र्याला फिरकी देणाऱ्या पिळाच्या आट्या, नीट ओढलेलं नाही. बाहेर आलेला छर्रा पाहा, त्याच्या अंगावर आट्यांच्या खुणा चारी बाजूंनी सारख्या उमटलेल्या असायला हव्यात.

सांध्यातलं सील, म्हणजे हवा अडवणारी रबरी रिंग, गळतं का हे पाहायला पातळ टिश्यू पेपरची पट्टी पुरते. ती बंद सांध्यावर आडवी ठेवा आणि सुरक्षित दिशेला एक छर्रा सोडा. पट्टी उडाली तर हवा तिथून निसटते आहे. रबरी रिंग बदलली की बहुतेक वेळा काम होतं आणि खर्च चहाच्या बिलाएवढा येतो.

दस्त्याचे स्क्रू सगळेच विसरतात. स्प्रिंगच्या दुहेरी झटक्याने ते सैल होतात आणि नेम हळूहळू फिरतो. मी प्रत्येक स्क्रू आवळून त्याच्या डोक्यापासून दस्त्यापर्यंत नेलपेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, एवढं सोपं. आमच्या रेंजवरच्या मुलींनी आपापल्या रायफलींना वेगवेगळे रंग लावले आहेत.

ट्रिगरचं ओझं मोजायला बॅगा तोलायचा हुकाचा काटा चालतो. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, समोर टार्गेट आणि मागे भक्कम आड, आत छर्रा भरलेला, आणि हुक ट्रिगरला लावून सरळ मागे ओढा. दहा वेळा करा, दहाही आकडे लिहा. स्वस्त रायफलीत ट्रिगर दोन-अडीच किलोला सुटला तर मी नाक मुरडत नाही. मॅचच्या रायफलींत हेच ओझं 100 ग्रॅमच्या आसपास असतं, पण त्यांची किंमत लाखांत असते. एकदा 1800 ग्रॅम, एकदा 2600 असं झालं तर मात्र ती परत करा. जड ट्रिगरची बोटाला सवय होते. दर वेळी वेगळ्या जागी सुटणाऱ्या ट्रिगरची सवय होऊच शकत नाही.

फुकट मिळणाऱ्या दुर्बिणीबद्दल थोडक्यात सांगतो, नको. स्प्रिंगच्या उलट-सुलट झटक्यासाठी न बनवलेली दुर्बीण आतून सैल होते, आणि बहुतेक स्वस्त दुर्बिणी दहा मीटरवर धूसरच दिसतात. शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून नेम) असे वेगळे प्रकार असतात. सुरुवात ओपन साइटवर करावी. बॅकसाइट प्लॅस्टिकची असली तरी चालेल, फक्त तिचे क्लिक, म्हणजे ती फिरवताना लागणारे टप्पे, खरे हवेत. चार छर्रे मारा, मग दहा क्लिक डावीकडे, चार छर्रे, दहा वर, चार छर्रे, दहा उजवीकडे, चार छर्रे, दहा खाली, चार छर्रे. कागदावर चौकोन तयार व्हायला हवा आणि शेवटचे चार छर्रे पहिल्या चारांवरच पडायला हवेत.

कागदावरची परीक्षा

नव्या रायफलीच्या पहिल्या छर्र्यांवरून काहीच ठरवू नका. आत कारखान्यातलं तेल आणि ग्रीस राहिलेलं असतं. तापलेल्या हवेत ते जळतं, धूर निघतो, आवाज फटाक्यासारखा येतो आणि वेग मनाला येईल तसा वर-खाली होतो. साधारण दोनशे छर्रे गेले की रायफल शांत होते. काही जण आवाज मोठा यावा म्हणून मुद्दाम तेल घालतात. त्याने सील जळतं, आणि आत स्फोटासारखा दाब तयार होतो, तो वेगळाच. पिस्टनच्या बाजूला गंज काढायचा स्प्रेसुद्धा मारू नका.

मग एक सकाळ राखून ठेवा. भक्कम टेबल, वाळूची पिशवी, दहा मीटर मोजलेले, मागे जाड रबर किंवा कापडाने भरलेली पेटी, डोळ्यांवर गॉगल. कडक भिंत किंवा लोखंडी पत्रा मागे नको, शिशाचा छर्रा उलटून येतो. हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, शिसं विषारी आहे. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्या अंगणात येणार नाहीत याची व्यवस्था आधी.

आता मोजायचं कसं? तीन छर्रे एकाच भोकात गेले म्हणून मुलं नाचतात. नाचू द्या, पण वहीत ते लिहू नका. ग्रुप म्हणजे कागदावरच्या सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर. छर्रे वाढले की हे अंतर वाढू शकतं, कमी कधीच होत नाही. तीन छर्र्यांचा ग्रुप छान दिसणारच. पाच छर्र्यांचे पाच ग्रुप मारा, पाच वेगळ्या कार्डांवर. व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून छर्र्याचे 4.5 मिलिमीटर वजा करा. पाचही आकडे लिहा, सरासरी काढा, आणि सर्वात वाईट ग्रुप फाडून टाकू नका. तोच जास्त बोलतो.

दहा मीटरवर छर्र्याची नुसती कड दहाच्या ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत छर्रा पडला की काम झालं. त्या हिशेबाने पाच मिलिमीटरच्या ग्रुपची रायफल, नेम बरोबर मध्यावर बसवलेला असेल तर, जवळजवळ प्रत्येक वेळी दहा मारू शकते. नामांकित मॅच रायफलींच्या खोक्यात कारखान्यातलं टेस्ट कार्ड येतं, त्यावर पाच छर्र्यांचं मिळून एका छर्र्याहून किंचित मोठं भोक दिसतं. स्प्रिंगच्या स्वस्त रायफलीकडून मी तेवढं मागत नाही. टेबलावरून सरासरी 12 मिलिमीटरच्या आत आली तर शिकायला ती पुरेशी आहे. 20 च्या वर गेली तर कारण शोधायला बसायचं.

आणि कारण कागदच सांगतो. भोकं एकाखाली एक उभी पडली असतील तर वेग बदलतोय, सील किंवा स्प्रिंगकडे पाहा. आडवी पसरली असतील तर सांधा किंवा बॅकसाइट सैल आहे, नाहीतर बोट घोड्याला बाजूला ढकलतंय. दोन वेगळे पुंजके पडले, तीन इथे आणि दोन तिथे, तर काहीतरी दोन जागांवर बसतंय, बहुधा दस्त्याचा स्क्रू किंवा नीट बंद न होणारी बॅरल. आणि सगळीकडे सारखंच विखुरलं असेल तर आधी छर्रे बदला.

छर्र्यांबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. पंधरा हजारांची रायफल घेतात आणि सगळ्यात स्वस्त डबा उचलतात. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमचा काटा मिळाला तर वीस छर्रे तोलून पाहा. हलक्या प्रतीच्या डब्यात वजनं इकडे-तिकडे पळतात, काहींची शेपटीकडची पातळ कड चेपलेली असते. छर्र्याच्या डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा वेगवेगळा मिळतो, आणि कोणत्या बॅरलला कोणता आवडेल हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. तीन प्रकारचे लहान डबे घ्या, तिन्हींचे ग्रुप मारा, ज्याचा ग्रुप लहान तोच वर्षभर.

नागपूरचं ऊन

परगावच्या माणसाला हा भाग फालतू वाटेल. पण इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या रेंजवर दुपारी दस्त्याला गाल लावता येत नाही. सकाळी सहाला बसवलेला नेम दुपारी बाराला तसाच राहील अशी अपेक्षा करू नका, स्प्रिंगवरचं ग्रीस पातळ होतं आणि स्वस्त प्लॅस्टिकची बॅकसाइटही तापते. परीक्षा घ्यायची तर सगळे ग्रुप एकाच सकाळी, नऊच्या आत. पावसाळ्यात उलटं होतं. ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा गंजरोधक काळसर थर, पातळ असेल तर घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबूस दिसायला लागतात, आणि लाकडी दस्ता फुगून स्क्रू ओढतो.

पुढे जाऊन कोणी भरलेल्या हवेची, म्हणजे पीसीपी रायफल घेतली तर ऊन जास्तच जपावं लागतं. तिच्यात स्प्रिंग नसते, 200 बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये भरलेली असते आणि रेग्युलेटर प्रत्येक वेळी मोजून हवा सोडतो. धक्का जवळजवळ नसतो, म्हणूनच स्पर्धेत सगळे तिच्यावर येतात. 25 अंशांवर 200 बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापला तर दाब 220 च्या पुढे जातो. सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही, एवढं एक ध्यानात ठेवा. जुनी पीसीपी स्वस्तात मिळत असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा, आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमात त्याचं आयुष्य जास्तीत जास्त 10 वर्षं धरलेलं आहे. रात्री दाबाचा आकडा लिहून ठेवा, सकाळी त्याच खोलीत पुन्हा वाचा. काटा उतरला असेल तर कुठेतरी गळती आहे.

त्या मुलाची रायफल आम्ही दोन रविवार तपासली. सांध्यात प्ले नव्हता, टिश्यूची पट्टी हलली नाही, ट्रिगर जड होता पण दहाही वेळा 2300 ते 2450 ग्रॅमच्या दरम्यान सुटला. पुढचा एक दस्त्याचा स्क्रू पाव फेरा सैल निघाला. पहिल्या दिवशीची सरासरी 23 मिलिमीटर. बॅरलच्या तोंडाची बर मी घरी काढली नाही. आमच्या टूलरूममधल्या एका जुन्या कारागिराने पितळेच्या गोल डोक्याच्या स्क्रूला घासायची पेस्ट लावून, हाताने फिरवत फिरवत वीस मिनिटांत ती कड साफ केली. बॅरलमध्ये मागून कापसाचा बोळा ठासून ठेवला होता, पेस्ट आत जाऊ नये म्हणून. नंतर काडी फिरवली, एकही तंतू अडकला नाही.

दुसऱ्या रविवारी तीन डब्यांपैकी मधल्या डब्याचे छर्रे तिला मानवले. पाच कार्डं, 14, 11, 12, 10 आणि 13. वडील कार्डं उलटून-पालटून पाहत होते. "म्हनजे ठेवून घ्याची न भाऊ?" मी हो म्हटलं. मुलाने पाचही कार्डांच्या मागे तारीख, छर्र्यांचा प्रकार आणि सकाळचं तापमान लिहिलं, पिशवीतून हिरवं नेलपेंट काढलं आणि जमिनीवर बसून स्क्रूंवर रेघा ओढायला लागला.